कॉलेज फुटबॉलचा कोच बदलायचा तर आणायचा कुणाला?

अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने विचारलंय: "आमचा फुटबॉल संघ सारखा हरतोय. कोच आज ना उद्या जाणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. होस्टेलवर रोज रात्री यावरून वाद रंगतात. कुणाला आपलाच जुना स्टार खेळाडू हवा, कुणाला एनएफएलमधला मोठा माणूस, कुणाला दुसऱ्या संघाचा गाजलेला कोऑर्डिनेटर. एक जण म्हणतो, सध्याच्या असिस्टंटलाच बढती द्या. तुम्ही या क्षेत्रात काम केलंय, तर यात कुणाचं बरोबर?"

मी कॉलेज अ‍ॅथलेटिक्सच्या प्रशासनात बरीच वर्षं काढली, मुख्यतः कोचचे करार आणि बजेट या बाजूला. तुमच्या मित्रांनी सुचवलेले पर्याय एकाच विद्यापीठाने एकामागून एक करून पाहिले आहेत, म्हणून हवेतल्या गप्पांपेक्षा त्याच विद्यापीठाकडे बघू. ते म्हणजे नेब्रास्का. (इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि पॅड घालून खेळतात तो अमेरिकन फुटबॉल, हे भारतातल्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. एनएफएल ही त्याची व्यावसायिक लीग, आणि कोऑर्डिनेटर म्हणजे मुख्य कोचच्या हाताखाली आक्रमण किंवा बचाव सांभाळणारा कोच.)

नेब्रास्का हे वीस लाखांच्या आसपास वस्तीचं शेतीप्रधान राज्य. एनएफएलचा संघ नाही, बेसबॉल-बास्केटबॉलचा मोठा व्यावसायिक संघही नाही. त्यामुळे लिंकन शहरातलं मेमोरियल स्टेडियम हेच राज्याचं दैवत. नोव्हेंबर १९६२ पासून तिथला प्रत्येक सामना हाउसफुल्ल जातोय. टॉम ऑस्बोर्न यांनी १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षं संघ सांभाळला, २५५ सामने जिंकले, हरले फक्त ४९. शेवटच्या चार वर्षांत तीन राष्ट्रीय विजेतेपदं: १९९४, १९९५ आणि १९९७. हे आकडे डोक्यात ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक कोचला याच आकड्यांशी तोललं गेलं.

ऑस्बोर्ननंतर त्यांचेच असिस्टंट फ्रँक सोलिच आले. सहा वर्षांत ५८ विजय, १९ पराभव, आणि २००१ च्या हंगामात थेट राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना. २००२ साली ७-७ (सात विजय, सात पराभव) झालं आणि कुरबूर सुरू झाली. २००३ मध्ये संघ ९-३ वर असताना त्यांना काढलं. तेव्हाचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख, स्टीव्ह पेडरसन यांचं म्हणणं थोडक्यात असं, की संघ सामान्य पातळीवर घसरू देणार नाही. पण काढताना पुढचा माणूस हातात नव्हता. शोध महिन्याहून जास्त लांबला आणि जानेवारी २००४ मध्ये ओकलंड रेडर्सचे माजी मुख्य कोच बिल कॅलाहन आले. तुमच्या मित्राचा 'एनएफएलमधला मोठा माणूस' तो हाच. एकच वर्ष आधी त्यांनी रेडर्सना सुपर बोलपर्यंत, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेलं होतं. नेब्रास्काची ओळख होती चेंडू घेऊन धावून मैदान मारण्याची, कॅलाहननी पासिंगचा, म्हणजे चेंडू हवेतून फेकून पुढे नेण्याचा खेळ आणला. चार वर्षांत २७-२२. २००७ मध्ये कॅन्ससने नेब्रास्काविरुद्ध ७६ गुण कुटले. तोवर पेडरसन यांनाही घरी पाठवलं होतं आणि ऑस्बोर्न स्वतः डायरेक्टर म्हणून परतले होते.

ऑस्बोर्ननी आणले बो पेलिनी, एलएसयूचे (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे) डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. हा झाला गाजलेला कोऑर्डिनेटर. सात वर्षं, दर वर्षी नऊ किंवा दहा विजय. एकूण ६६-२७. त्यांच्या हाताखाली एकही हंगाम वाईट गेला नाही आणि एकदाही कॉन्फरन्सचं (ज्या विद्यापीठांशी दर वर्षी सामने होतात त्या गटाचं) विजेतेपद मिळालं नाही. शिवाय माणूस तापट, साइडलाइनवर आरडाओरडा, वरिष्ठांशी खटके. २०१४ मध्ये त्यांनाही निरोप. त्यांच्या जागी माइक रायली: शांत, सज्जन, सगळ्यांशी गोड. फक्त ओरेगन स्टेटमध्ये त्यांचा तो ताजा हंगाम ५-७ गेला होता. नेब्रास्कात तीन वर्षांत १९-१९.

मग डिसेंबर २०१७ मध्ये आला घरचा मुलगा. स्कॉट फ्रॉस्ट नेब्रास्काच्याच मातीतला, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू. सेंट्रल फ्लोरिडा (यूसीएफ) हा संघ २०१५ मध्ये ०-१२ होता, तो फ्रॉस्टनी दोन वर्षांत १३-० वर नेला. सात वर्षांचा, साडेतीन कोटी डॉलरचा करार झाला. त्या दिवशी लिंकनमध्ये एकही माणूस विरोधात नव्हता म्हटलं तरी चालेल, आणि आमच्या क्षेत्रातल्या बहुतेकांनाही हीच निवड योग्य वाटत होती. निकाल: १६ विजय, ३१ पराभव. एका स्कोअरच्या, म्हणजे आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने सुटलेल्या सामन्यांत ५-२२. २०२१ मध्ये नऊ पराभव झाले आणि नऊच्या नऊ एक-आकडी फरकाने.

हा ५-२२ आकडा बारकाईने बघण्यासारखा आहे. इतके सामने शेवटपर्यंत चुरशीचे झाले, म्हणजे खेळाडूंची कुवत फार कमी नव्हती. अशा सामन्यांत फरक पडतो तो किकिंगमुळे, पेनल्टींमुळे, शेवटच्या पाच मिनिटांत घड्याळ कसं सांभाळलं यामुळे, आणि साइडलाइनवरच्या निर्णयांमुळे. ऑगस्ट २०२२ मध्ये डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्धचा सामना आठवा. तिसऱ्या सत्रात नेब्रास्का २८-१७ ने पुढे. गुण केल्यावर चेंडू लांब मारून समोरच्या संघाला द्यायचा असतो. फ्रॉस्टनी ऑनसाइड किक मागवली, म्हणजे चेंडू मुद्दाम जवळच मारून आपणच तो परत पटकावायचा. मागे पडलेला संघ शेवटी नाइलाजाने हे करतो. इथे अकरा गुणांची आघाडी हातात होती आणि गती आपल्या बाजूला होती. चेंडू नॉर्थवेस्टर्नने उचलला, अर्ध्या मैदानाची सोय फुकटात झाली, तिथून त्यांनी टचडाउन केला आणि सामना ३१-२८ ने जिंकला. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नने लिंकनमध्ये येऊन ४५-४२ ने हरवलं आणि दुसऱ्याच दिवशी, ११ सप्टेंबरला, फ्रॉस्टना काढलं.

आता हा सगळा क्रम एकत्र बघा. धावणाऱ्या संघाचा कंटाळा आला म्हणून पासिंगवाला. एनएफएलवाल्याला कॉलेजची नस कळली नाही म्हणून कॉलेजमधला कडक कोऑर्डिनेटर. तो फार तापट म्हणून शांत माणूस. शांत माणूस परका वाटला म्हणून घरचा. प्रत्येक वेळी निवड झाली ती आधीच्या कोचच्या दोषाकडे बघून. विद्यापीठाची स्वतःची अडचण काय आहे, हे बाजूलाच राहिलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आणि अडचण तर डोळ्यांसमोर होती. राज्यात पहिल्या प्रतीचे खेळाडू मोजके तयार होतात, बाहेरून आणावे लागतात. पूर्वी ही उणीव भरून काढायचे मार्ग होते. शिष्यवृत्तीवर जास्त खेळाडू ठेवता यायचे; ही मर्यादा १९७८ पासून ९५ होती, ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ८५ वर आली. शिवाय गावागावांतून स्वखर्चाने येणारी वॉक-ऑन मुलं वर्षानुवर्षं घाम गाळून तयार व्हायची, आणि ती घडवण्याची पद्धत नेब्रास्काइतकी कुणाकडे नव्हती. २०११ मध्ये विद्यापीठ बिग ट्वेल्व्ह ही कॉन्फरन्स सोडून बिग टेनमध्ये गेलं. टीव्हीचे पैसे वाढले, पण टेक्ससमधल्या मैदानांवर दर वर्षी खेळणं बंद झालं, आणि तिथल्या शाळांमधून मुलं आणायचा जुना रस्ता आटला. हे प्रश्न कॅलाहन गेल्याने सुटले नाहीत, पेलिनी गेल्यानेही नाहीत. म्हणून होस्टेलवरच्या वादात मी असतो तर नाव घेण्याआधी विचारलं असतं: आपल्याकडे नेमकं बिघडलंय काय? खेळाडू कमी पडतात, का असलेले खेळाडू घडत नाहीत, का घडलेले टिकत नाहीत, का शनिवारी मैदानावरचे निर्णय चुकतात? या चार दुखण्यांवर चार वेगळे कोच लागतात.

त्यातही माझं स्वतःचं मत आहे आणि ते ठाम आहे. मला कोऑर्डिनेटरपेक्षा, जुन्या खेळाडूपेक्षा, एनएफएलवाल्यापेक्षा तो माणूस हवा, ज्याने मुख्य कोच म्हणून किमान दोन ठिकाणी, तुटपुंज्या साधनांवर, आपल्याच पद्धतीने संघ उभा केलाय. दोन ठिकाणी हे महत्त्वाचं. एका ठिकाणी यश आलं तर त्यात आधीच्या कोचने जमवलेली मुलं, एखादा असामान्य क्वार्टरबॅक, सोपं वेळापत्रक असं बरंच काही मिसळलेलं असतं. फ्रॉस्टकडे मुख्य कोच म्हणून एकच जागा होती आणि अवघी दोन वर्षं.

याउलट कर्ट सिग्नेटी बघा. अलाबामात निक सेबन यांच्या हाताखाली चांगली नोकरी होती. ती सोडून २०११ मध्ये ते डिव्हिजन टूमधल्या इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया या छोट्या कॉलेजात मुख्य कोच झाले. तिथून इलॉन, मग जेम्स मॅडिसन. तिन्हीकडे जिंकले. २०२३ च्या अखेरीस इंडियाना विद्यापीठाने त्यांना घेतलं. फुटबॉलमध्ये इंडियाना म्हणजे पराभवांचं आगर, असंच सगळे धरून चालत. पहिल्याच वर्षी ११-२, आणि २०२५ च्या हंगामात एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद. ते आले तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. चाहत्यांच्या यादीत अशा वयाचा, अशा छोट्या कॉलेजांतून आलेला माणूस क्वचितच वर असतो. ते एकटे आले नाहीत, हेही तितकंच मोठं. दोन्ही कोऑर्डिनेटर आणि डझनभर खेळाडू जेम्स मॅडिसनमधून सोबत आले. म्हणजे नव्या ठिकाणी पहिल्या दिवसापासून निम्म्या लोकांना कामाची रीत पाठ होती.

मुलाखतीच्या खोलीत खरी परीक्षा इथेच होते. उमेदवार तत्त्वज्ञान छान सांगतो, व्हिडिओ दाखवतो, सगळे भारावतात. मग विचारायचं: तुमच्या स्टाफवर कोण येणार? नावं सांगा. त्यांचा सध्याचा करार कधी संपतो, त्यांना किती पगार लागेल, त्यांच्याशी तुमचं बोलणं झालंय का? ऑफेन्सिव्ह लाइन कोण शिकवणार? स्ट्रेंथ कोच कोण? ज्याच्याकडे खिशात कागद असतो आणि प्रत्येक जागेसमोर दोन-दोन नावं असतात, तो तयार माणूस. जो म्हणतो "लोक येतील, माझे खूप संबंध आहेत", त्याला जानेवारीत उरलेसुरले असिस्टंट मिळतात. गाजलेल्या कोऑर्डिनेटरची अडचण बहुधा इथेच येते. त्याने आजवर फळ्यावर खेळ आखलेला असतो. दीड-दोनशे माणसांचं खातं चालवलेलं नसतं.

पैशाचं अंग चाहत्यांना सर्वात कमी दिसतं, म्हणून त्यावर जरा थांबतो. कोचला मधेच काढलं तर उरलेल्या कराराचा ठरलेला हिस्सा द्यावा लागतो, तो बायआऊट. फ्रॉस्टना ११ सप्टेंबरला काढल्यामुळे दीड कोटी डॉलर द्यावे लागले. १ ऑक्टोबरनंतर हीच रक्कम निम्मी होणार होती. तीन आठवडे थांबून पंचाहत्तर लाख वाचवता आले असते, तरी थांबले नाहीत, आणि मला तो निर्णय पटतो. हंगाम संपता संपता, डिसेंबरच्या सुरुवातीलाच शाळकरी खेळाडू सह्या करतात आणि जानेवारीच्या सुरुवातीला ट्रान्सफर पोर्टल उघडतं, म्हणजे खेळाडूंनी दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची खिडकी. नोव्हेंबरअखेर नवा कोच बसलेला नसेल तर संघ समोर विरघळतो. म्हणून शोधाला वेळ हवा, आणि वेळेची किंमत मोजावी लागते.

पण करार लिहितानाच हात सैल सोडला तर काय होतं ते टेक्सस ए अँड एममध्ये दिसलं. जिम्बो फिशर यांनी २०१३ मध्ये फ्लोरिडा स्टेटला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. टेक्ससमध्ये ४५-२५ झाल्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना काढलं आणि साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं अंगावर आलं. त्यातला साधारण चौथा हिस्सा साठ दिवसांत, बाकी २०३१ पर्यंत दर वर्षी. आणखी एक ओळ त्या करारात नव्हती. साधारणपणे लिहून घेतात, की काढलेल्या कोचने दुसरी नोकरी शोधायची आणि तिथला पगार आपल्या देण्यातून वजा व्हायचा. फिशरच्या करारात ही वजावट नव्हती. तुमच्या संघासाठी कुणी नाव सुचवलं की आधी विचारा, सध्याच्या कोचचं देणं किती आणि नव्याला सोडवून आणायला त्याच्या विद्यापीठाला किती द्यावे लागतील. सरकारी विद्यापीठांचे करार बहुतेक राज्यांत मागितल्यावर बघायला मिळतात, आणि स्थानिक वर्तमानपत्रं ते छापतातही. एक तास काढून वाचा. वादातली निम्मी नावं आपोआप गळतील.

चाहत्यांच्या म्हणण्याला किंमत असते का? असते, भरपूर असते. तिकिटं तेच घेतात, देणग्याही त्यांच्याच. पण चाहते एखादं नाव पाडू शकतात, निवडू शकत नाहीत. टेनेसीत नोव्हेंबर २०१७ मध्ये ग्रेग शियानो यांची नेमणूक होत आली होती. बातमी फुटली आणि त्याच दिवशी लोक रस्त्यावर उतरले, आमदार बोलू लागले, संध्याकाळपर्यंत विद्यापीठाने माघार घेतली. आठवडाभरात अ‍ॅथलेटिक डायरेक्टरही गेले. मग घाबरलेल्या विद्यापीठाने लोकांना रुचेल असं नाव शोधलं: जेरेमी प्रुइट, अलाबामाचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, मुख्य कोच म्हणून पूर्ण नवखे. तीन हंगामांत १६-१९, आणि जानेवारी २०२१ मध्ये रिक्रूटिंगमधल्या, म्हणजे शाळकरी खेळाडूंच्या भरतीतल्या, गैरप्रकारांवरून हकालपट्टी. त्यानंतर शांतपणे आणलेले जॉश हायपल दुसऱ्याच वर्षी ११-२ वर गेले. त्यांच्या नावावर कुणी मिरवणूक काढली नव्हती.

नशिबाचा भागही मान्य करायला हवा. २००६ च्या अखेरीस अलाबामाने रिच रॉड्रिग्ज यांना विचारलं होतं, ते नाही म्हणाले. मग जानेवारी २००७ मध्ये मायामी डॉल्फिन्समधून निक सेबन आले, आणि अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळाली. रॉड्रिग्ज वर्षभराने मिशिगनला गेले, तिथे तीन वर्षांत १५-२२. पण सेबन हे टोलेडो, मिशिगन स्टेट आणि एलएसयू इथे मुख्य कोच राहून आले होते, हे विसरू नका. एनएफएलचा शिक्का त्यांच्यावर होता, तरी विद्यापीठाने घेतला तो मुरलेला कॉलेज कोच.

नेब्रास्काने शेवटी हाच धडा गिरवला असं मला वाटतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मॅट रूल आले, आठ वर्षं, ७ कोटी ४० लाख डॉलर. एनएफएलमध्ये कॅरोलायना पँथर्सकडे ते अपयशी ठरले होते, ११-२७. पण त्याआधी टेंपलमध्ये लागोपाठ दोन वर्षं दहा-दहा विजय आणि बेलरमध्ये १-११ पासून तिसऱ्या वर्षी ११-३. दोन ठिकाणं, दोन्हीकडे मुलं घडवून वर काढलेला संघ. नेब्रास्काला नेमकं तेच लागतं. पहिलं वर्ष ५-७, दुसरं ७-६, आणि २०१६ नंतर पहिल्यांदा हंगामाअखेरचा बोल सामना. हे चटकन डोळ्यांत भरणारं यश नाही. तरी आधीच्या वीस वर्षांतल्या कुठल्याही निवडीपेक्षा ही निवड मला विचारपूर्वक वाटते, आणि रूलना वेळ द्यावा या मताचा मी आहे.

राहिला तुमच्या मित्राचा असिस्टंट. याची दोन्ही टोकं दिसलेली आहेत. क्लेम्सनने ऑक्टोबर २००८ मध्ये डॅबो स्विनी या रिसीव्हर्सना (फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंना) शिकवणाऱ्या असिस्टंटला हंगामी नेमलं, मग कायम केलं, आणि २०१६ व २०१८ ची विजेतेपदं पटकावली. एलएसयूने २०१६ मध्ये एड ओर्जेरॉन यांना तसंच कायम केलं. २०१९ मध्ये १५-० आणि विजेतेपद. तेव्हा जो बरो हा क्वार्टरबॅक ओहायो स्टेटमधून आला होता आणि पासिंगचा खेळ जो ब्रेडी या बाहेरून आणलेल्या तरुण कोचने बसवला होता. दोघेही एनएफएलकडे गेले. पुढच्या वर्षी ५-५, त्याच्या पुढच्या वर्षी ओर्जेरॉन बाहेर. त्यामुळे तुमच्या असिस्टंटने उरलेल्या हंगामात दोन सामने जिंकले आणि खेळाडूंनी त्याला खांद्यावर घेतलं, तर आनंद करा, पण तेवढ्यावर करार देऊ नये. त्याला विचारायचं ते हे, की आत्ताच्या स्टाफमधले कोण ठेवणार आणि कोण बदलणार. ज्यांच्याबरोबर रोज जेवतो त्यांच्यापैकी कुणाला काढायचं हे तो नावानिशी सांगू शकला, आणि त्यांच्या जागी कोण हेही, तर त्याला बाकीच्या उमेदवारांच्या रांगेत बरोबरीने बसवा. मुलाखत नोव्हेंबर संपण्याआधी झालेली बरी.